झाउअरब्राटनसोबत कोणती ड्राय जर्मन रेड वाइन द्यावी?

नेकारकाठ

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी आमच्याकडे आठ माणसांचं जेवण आहे. पाच जर्मन, तीन मराठी, आणि त्या तिघांतले दोघं शाकाहारी. मुख्य पदार्थ ऱ्हाइनलँडी पद्धतीचा झाउअरब्राटन, म्हणजे वाइन-व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेलं, बेदाणे आणि लेबकूखन (मसाल्याचं केकसारखं बिस्किट) घातलेल्या आंबटगोड रश्श्यातलं बीफ. बाजूला रोटकोल (शिजवलेला लाल कोबी) आणि बटाट्याचे क्नोडेल (उकडलेले गोळे). शाकाहारींसाठी मशरूमचा क्रीम घातलेला रस्सा आणि पावाचे क्नोडेल. वाइन जर्मनच हवी, लाल हवी आणि गोड अजिबात नको. बाटलीमागे 12 ते 18 युरोंची तयारी आहे.

दुकानात श्पेटबुर्गुंडर, लेम्बर्गर, डॉर्नफेल्डर, ट्रोलिंगर अशा चार जाती शेजारी शेजारी दिसतात. यातली आंबटगोड रश्श्याला कोणती झेपेल? मशरूमलाही तीच चालेल की वेगळी घ्यावी? लेबलावर नेमकं काय वाचायचं? आणि रश्श्यात घालायची वाइन आणि प्यायची वाइन एकच असावी का?

द्राक्षवेल

आधी लेबलाचं बघू, कारण तिथे गफलत झाली तर पुढचं सगळं वाया.

'ट्रोकन' (म्हणजे ड्राय) हा शब्द बाटलीवर हवाच. कायद्याने ट्रोकन म्हणजे लिटरमागे जास्तीत जास्त 4 ग्रॅम साखर. आम्ल भरपूर असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते, पण साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त असता कामा नये. म्हणजे आम्ल 5 ग्रॅम असेल तर 7 ग्रॅम साखरेची वाइनही रीतसर ट्रोकनच. 1 ग्रॅमची आणि 7 ग्रॅमची या दोन्हींवर तोच शब्द असतो, जिभेला मात्र फरक चांगलाच कळतो.

'हाल्पट्रोकन' आणि 'फाइनहेर्ब' यांत थोडी गोडी असते, 'लीब्लिश' सरळ गोड. यातला कुठलाच शब्द नसेल तर अल्कोहोल बघा. 12.5 ते 13.5 टक्के असेल तर बहुधा ड्राय. 9 किंवा 10 टक्के असेल तर बरीच साखर दारूत न बदलता तशीच राहिलेली असते. डॉर्नफेल्डरमध्ये हे विशेष सांभाळा, ती लीब्लिश स्वरूपात भरपूर विकली जाते आणि बाटल्या शेजारीच उभ्या असतात.

काही बाटल्यांवर 'डॉइचेस वाइनझीगल' नावाचा गोल शिक्का असतो. पिवळा शिक्का ट्रोकनसाठी, हिरवा मधल्या गोडीसाठी, लाल गोड वाइनसाठी. लाल शिक्का म्हणजे रेड वाइन असं समजून लोक बाटली उचलतात आणि घरी येऊन फसतात.

'श्पेटलेझे ट्रोकन' असं लाल वाइनवर दिसलं तर बिचकू नका. श्पेटलेझे हा शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती ते सांगतो, बाटलीत किती उरली ते नाही. अशा वाइनमध्ये आंबवण्याआधी वरून साखर घालायला परवानगी नसते. साध्या 'क्वालिटेट्सवाइन'मध्ये ती असते.

2024 किंवा त्यानंतरच्या हंगामाची बाटली असेल तर काम आणखी सोपं. मागच्या क्यूआर कोडवर 100 मिलीमागे साखर किती ते मिळतं. त्या आकड्याला 10 ने गुणा, की लिटरचा हिशोब आला.

आरखोरं

जात निवडताना मांसाआधी रस्सा बघायचा. तुमचं बीफ मऊ शिजलेलं, त्याची स्वतःची चव सौम्य. ताटावर राज्य करणार तो रस्सा, आणि त्यात दोन गोष्टी वाइनच्या उलटसुलट जाणाऱ्या आहेत.

व्हिनेगरच्या आंबटपणापुढे वाइनचा आंबटपणा कमी भासतो. वाइन आधीच मवाळ असेल तर ती पाणचट लागते. उलट बेदाणे आणि लेबकूखनच्या गोडीपुढे ड्राय वाइन आणखी आंबट आणि तुरट लागते. टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) जास्त असेल तर शेवटी कडवटपणा राहतो. म्हणून तुम्हाला हवी ती वाइन अशी: आम्ल ताजं, टॅनिन कमी, फळाची चव पिकलेली, आणि नव्या लाकडी पिंपाचा वास फारसा नाही.

या वर्णनात श्पेटबुर्गुंडर चपखल बसते. ही फ्रान्सची पिनो न्वारच. फ्रान्स आणि अमेरिकेनंतर तिची सर्वाधिक लागवड जर्मनीत आहे. पण प्रदेशाप्रमाणे ती बरीच बदलते. आर नदीच्या खोऱ्यात स्लेटच्या उभ्या उतारांवरची सडपातळ, लाल चेरीची, थोडी धुरकट. ऱ्हाइनगाउमधल्या आसमान्सहाउझनच्या होलेनबेर्ग मळ्यातलीही याच घराण्यातली. फ्रांकनमध्ये ब्युर्गश्टाटला लाल वालुकाश्मावरची नाजूक आणि मसालेदार. बाडेनचा कायझरश्टूल भाग मात्र ज्वालामुखीचा खडक आणि लोएस मातीचा, आणि उबदार. तिथली वाइन भरदार आणि जास्त पिकलेली.

झाउअरब्राटनला मी बाडेनची किंवा दक्षिण फाल्झची घेईन. आरची नाजूक वाइन लेबकूखनच्या लवंग-दालचिनीपुढे दबून जाते. ती हरणाच्या पाठीच्या मांसाला, बदकाला किंवा भाजलेल्या सामनला ठेवा.

द्राक्षवेल यांनी 1 आणि 7 ग्रॅमचा फरक सांगितला, तो इथे कामाला येतो. या पदार्थासोबत 4 ते 6 ग्रॅम साखरेची ट्रोकन जास्त जुळते. नुसती प्यायला ती कमी नेटकी वाटेल, पण गोडसर रश्श्यापुढे शून्याजवळची वाइन उघडी पडते.

तुमच्या पैशांत गावाच्या नावाची श्पेटबुर्गुंडर मिळायला हरकत नाही. व्हीडीपी या वाइन उत्पादकांच्या संघटनेच्या बाटल्यांच्या गळ्यावर द्राक्षांचा घोस धरलेला गरुड असतो. त्यांची उतरंड गुट्सवाइन, ऑर्ट्सवाइन, एर्स्टं लागं, ग्रोसं लागं अशी चढत जाते. तुमच्यासाठी गुट्सवाइन किंवा ऑर्ट्सवाइन पुरे. वरच्या पायरीच्या मळ्याची बाटली बेदाण्याच्या रश्श्यासोबत उघडू नका, तिचं बारीक काम त्यात दिसतच नाही.

श्वाबेनची_सून

आरखोरं यांचं रश्श्याबद्दलचं म्हणणं पटतं, निवड पटत नाही. झाउअरब्राटनला लेम्बर्गर!

लेम्बर्गर म्हणजे ऑस्ट्रियात जिला ब्लाउफ्रेंकिश म्हणतात तीच. जर्मनीतली तिची जवळपास सगळी लागवड वुर्टेंबर्गमध्ये आहे. तिच्यात आम्ल श्पेटबुर्गुंडरपेक्षा ठसठशीत, फळ काळं (जांभळाकडे झुकणारी चेरी, ब्लॅकबेरी) आणि शेवटी मिरीचा झटका. तुमच्या मुरवणात जुनिपर, मिरी आणि तमालपत्र आहेच, त्याला हा मसालेदारपणा बरोबर सापडतो. व्हिनेगरपुढे ती पाणचट होत नाही. श्पेटबुर्गुंडरच्या बाबतीत ती धास्ती कायम राहते.

अट एकच, बॅरिकमध्ये ठेवलेली घेऊ नका. बाटलीवर 'इम बॅरिक गेराइफ्ट' किंवा 'होल्झफास' असं लिहिलेलं असतं. होल्झफास म्हणजे मोठं जुनं पिंप, ते चालेल. बॅरिक म्हणजे साधारण 225 लिटरचं छोटं पिंप. ते नवं असलं की व्हॅनिला आणि तुरटपणा देतं, आणि तो तुरटपणाच गोड रश्श्यात कडू होतो. बॅरिकवाली लेम्बर्गर कांदा घातलेल्या रोस्टब्राटनला (भाजलेल्या बीफला) किंवा रानडुकराच्या मांसाला ठेवा. तिथे मीठ, चरबी आणि खरपूस भाजलेपण असतं, त्यात टॅनिन विरून जातं.

ट्रोलिंगर या जेवणाला नको. रंगाने फिकी, अंगाने हलकी, 13-14 अंशांवर प्यायची वाइन. श्वाबेनमध्ये तिचं 'फीअर्टेले', म्हणजे पाव लिटर, दांडीच्या काचेच्या पेल्यात घेतात. सोबत माउलटाशन (सारण भरलेला पास्ता) किंवा मसूर-श्पेट्झ्ले (अंड्याच्या मऊ शेवया) आणि सॉसेज. त्या ताटांना तिच्याइतकं दुसरं काही शोभत नाही. व्हिनेगर घातलेल्या मसुरावर जड वाइन ओझं होते, ही होत नाही.

चुलीपाशी

वाइनवर तुमची चर्चा चालू द्या. मी भांड्यातलं सांगते, कारण रस्सा नीट जमला तर यातली कुठलीही वाइन चालेल आणि तो बिघडला तर एकही चालणार नाही.

सहा मांसाहारी माणसांना दीड किलो बीफ घ्या. खांद्याचा तुकडा, अधूनमधून तंतू असलेला. अगदी चरबीविरहित तुकडा तीन तासांत कोरडा पडतो. मुरवणासाठी 500 मिली वाइन, 500 मिली पाणी आणि 200 मिली रेड वाइन व्हिनेगर. बऱ्याच पाककृतींत व्हिनेगर वाइनइतकंच असतं. सोबत वाइन प्यायची असेल तर ते खालीच ठेवा. दोन कांदे, एक गाजर, सेलरीच्या गड्ड्याचा तुकडा, तीन तमालपत्रं, आठ जुनिपरची फळं, चार लवंगा, दहा मिरे. मीठ आत्ता नाही, ते मांसातलं पाणी ओढतं. मिश्रण उकळून पूर्ण गार करा आणि मगच मांस बुडवा. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं, फ्रीजमध्ये चार दिवस, रोज एकदा उलटायचं. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आम्लामुळे धातूची चव उतरते.

शिजवायच्या दिवशी मांस कागदाने खडखडीत पुसा. ओलं मांस तांबूस होत नाही, नुसतं वाफवतं, आणि रश्श्याचा रंगही फिका राहतो. बुटरश्माल्झवर (साजूक तूप घेतलं तरी तेच काम होतं) सगळ्या बाजूंनी परता. मग गाळलेल्या मुरवणातलं निम्मंच घाला, सोबत पाव लिटर बीफचा स्टॉक. उरलेलं मुरवण बाजूला ठेवा आणि नंतर रस्सा फारच सपक वाटला तरच चांगलं उकळून थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतलं की आंबटपणा मागे घेता येत नाही, मग लोक साखर घालत सुटतात आणि वाइनची वाट लागते.

झाकण लावून 150 अंशांच्या ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास. खळखळ उकळू देऊ नका, तंतू आखडतात. काटा सहज आत गेला की काढा. रस्सा गाळून त्यात 50-60 ग्रॅम 'झोसनलेबकूखन' कुस्करून घाला. हे रश्श्यासाठीच मिळतं, वर चॉकलेट किंवा साखरेचा लेप नसतो. नाताळचं लेप दिलेलं लेबकूखन घातलंत तर गोडी दुप्पट. 50 ग्रॅम बेदाणे शेवटच्या दहा मिनिटांत. बेदाणे फुगले की मगच चाखा. बीटचा पाक घालायची पद्धत आहे, पण एक चहाचा चमचा ही कमाल मर्यादा धरा.

हे सगळं आदल्या दिवशी करून ठेवा. गार मांस तंतूंना आडवं, सेंटिमीटरभर जाड कापलं की तुटत नाही, दुसऱ्या दिवशी रश्श्यात हलकेच गरम करायचं.

रोटकोलमध्ये एक किलो लाल कोबीला दोन आंबट सफरचंदं आणि दोन-तीन मोठे चमचे व्हिनेगर, ते सुरुवातीलाच. त्याचा रंग आम्लावर टिकतो, नाहीतर जड पाण्यात तो निळसर पडतो. साखर एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. रश्श्यात गोडी आहेच, दोन्हीकडे गोड झालं की ड्राय वाइनला ताटात जागाच उरत नाही.

पातेल्यात कोणती वाइन? साधी ट्रोकन डॉर्नफेल्डर. ती रंगाला गडद, टॅनिन मवाळ, आणि खिशाला परवडते. लीब्लिश चुकूनही नको, आटल्यावर साखर एकवटते. बॅरिकवालीही नको, आटल्यावर लाकडाचा तुरटपणा एकवटतो. प्यायची तीच बाटली पातेल्यात ओतायचं काही कारण नाही. तीन तासांच्या शिजण्यात बारीक सुगंध उडूनच जातात.

द्राक्षवेल

डॉर्नफेल्डरला फक्त पातेल्यात ढकलू नका, चुलीपाशी ताई. ही जात 1955 साली वाइन्सबेर्गला ऑगुस्ट हेरोल्ड यांनी हेल्फेनश्टाइनर आणि हेरोल्डरेबं यांच्या संकरातून तयार केली. रंगासाठी ती आधी इतर वाइनमध्ये मिसळली जायची, तिथून तिची स्वस्त अशी ख्याती पसरली. उत्पन्न कमी ठेवून केलेली फाल्झची किंवा ऱ्हाइनहेसनची ट्रोकन डॉर्नफेल्डर झाउअरब्राटनला खरोखर चांगली. फळ जोरात, टॅनिन गोल, किंमत 10 युरोंच्या आतबाहेर. आठ माणसांच्या जेवणात हा हिशोबही महत्त्वाचा असतो.

लेम्बर्गर की श्पेटबुर्गुंडर यात रश्श्यानेच निर्णय द्यावा. बेदाणे-लेबकूखन असेल तर फळ पिकलेली बाडेनची श्पेटबुर्गुंडर. बेदाणे वगळून फ्रांकन किंवा श्वाबेनच्या पद्धतीने आंबट ठेवलात तर लेम्बर्गर.

हिरवं_ताट

शाकाहारी ताटाबद्दल.

मशरूमला श्पेटबुर्गुंडरच, यात मला शंका नाही. दोन-चार वर्षं बाटलीत राहिलेल्या श्पेटबुर्गुंडरला ओल्या पानांचा, रानातल्या मातीचा वास येऊ लागतो आणि तो मशरूमशी भिडतो. लेम्बर्गर इथे जरा आक्रमक होते. नोव्हेंबरात ताजी फिफरलिंग बहुधा संपलेली असते, तेव्हा तपकिरी शँपिन्यों आणि क्रॉयटरझाइटलिंग घ्या. 500 ग्रॅम दोन माणसांना आणि थोडं इतरांना चाखायला पुरतं. रुंद तव्यावर, मोठ्या आचेवर, दोन-तीन वेळा थोडं थोडं करून परता. मीठ शेवटी. एकदम सगळं टाकलंत की पाणी सुटतं, मशरूम उकडतं आणि रस्सा करडा होतो. क्रीम 100 मिली पुरे. जास्त क्रीम जिभेवर थर धरतं आणि लाल वाइनचं आम्ल धातूसारखं लागायला लागतं. थाइम आणि मिरी भरपूर.

आता दोन गोष्टी पाहुण्यांना आधी विचारा. पावाच्या क्नोडेलमध्ये अंडं असतं. आणि वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा जिलेटिन वापरतात. ते बाटलीत जवळपास उरत नाही, तरी कडक शाकाहारी माणसाला ते सांगायला हवं. लेबलावर 'फेगान' (व्हेगन) लिहिलेली बाटली घेतली की प्रश्न मिटतो. अशा बाटल्या आता सगळ्याच प्रदेशांच्या मिळतात.

म्यूनिककर

थोडं विषयांतर. यातलीच एखादी बाटली उरली तर आपल्या तिखट मटणासोबत चालेल का? की भरल्या वांग्यासोबत?

आरखोरं

तिखट रश्श्यासोबत 13.5 टक्क्यांची वाइन घेऊ नका. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनने घसा आणखी कोरडा पडतो. लालच हवी असेल तर ट्रोलिंगर किंवा पोर्तुगीझर नावाची हलकी लाल जात, 13 अंशांवर, आणि मटण मध्यम तिखट. कोल्हापुरी तांबड्याला वाइनपेक्षा ताक बरं. पांढऱ्या रश्श्यासोबत मात्र श्पेटबुर्गुंडर जमते. खसखस-नारळाचा मऊपणा आणि मटणाचा स्टॉक तिला अडवत नाहीत.

भरल्या वांग्यात अडचण गुळाची. बेदाण्याच्या रश्श्याबद्दल वर जे लिहिलं तेच इथेही लागू. गूळ-चिंच बेताची आणि गोडा मसाला जरा पुढे ठेवलात तर 5-6 ग्रॅमची ट्रोकन डॉर्नफेल्डर देऊन बघा.

नेकारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बाडेनची श्पेटबुर्गुंडर सगळ्यांसाठी, एक लेम्बर्गर बाजूला, आणि पातेल्यात डॉर्नफेल्डर असं ठरवलंय. व्हिनेगर 200 मिलीच. शेवटचं विचारते: बाटल्या किती, आणि थंड किती करायच्या? घरात हीटिंगमुळे 21-22 अंश असतं.

श्वाबेनची_सून

0.75 लिटरच्या बाटलीत 125 मिलीचे सहा पेले होतात. आठ माणसं, प्रत्येकी दोन पेले, म्हणजे तीन बाटल्या. चौथी राखीव. मुरवणाची वेगळी. गाडी चालवणाऱ्यांसाठी लाल द्राक्षाचा रस आणि सोड्याचं पाणी निम्मं निम्मं ठेवा.

श्पेटबुर्गुंडर 15-16 अंशांवर, लेम्बर्गर 16-17 वर. खोलीच्या 22 अंशांवर दिलीत तर नाकात आधी अल्कोहोल चढतं आणि फळ शिजवलेल्या मुरंब्यासारखं लागतं. फ्रीजमधून थेट दिलीत तर वास दबतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. वाढण्याआधी श्पेटबुर्गुंडर चाळीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, लेम्बर्गर अर्धा तास. नोव्हेंबरात बाल्कनीत 6-7 अंश असेल तर तिथेही जवळपास तेवढाच वेळ. पेल्यात ती हळूहळू गरम होतेच, त्यामुळे एखादा अंश थंड असली तर बिघडत नाही.

श्पेटबुर्गुंडरला पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असा पेला, आणि तो एक तृतीयांशच भरा. लेम्बर्गर तरुण असेल तर अर्धा-पाऊण तास आधी जगमध्ये ओतून ठेवा, श्पेटबुर्गुंडरला त्याची गरज नाही. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस चांगली राहते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. त्यापुढे गेली तर पुढच्या रश्श्यात घाला.